टोपीउडव्या आणि मंडळी

शनिवारी दप्तरात विसरलेला डबा सोमवारी सकाळी उघडलाय कधी? मी उघडलाय. जुलै महिना, बाहेर धो-धो पाऊस आणि डब्यात अर्धी पोळी. पोळी कसली, पांढऱ्या कापसाची गादीच! गादीवर काळे ठिपके आणि एका कोपऱ्यात हिरवट भुकटी. ‘ईऽऽ’ करून मी डबा तसाच मोरीत ठेवला आणि आईची बोलणी खाल्ली. आता मात्र त्या पोळीची हळहळ वाटते. टाकण्याआधी भिंगातून बघायला हवी होती.

कारण त्यातला प्रत्येक काळा ठिपका म्हणजे एक टाचणी असते. बारीक उभा दांडा आणि वर गोल काळं डोकं. डोक्यात ठासून भरलेले बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी म्हणा ना. हिरवी भुकटी म्हणजेही बीजाणूच. ते इतके लहान, की तुमच्या एका केसाच्या रुंदीवर पंधरा-वीस जण शेजारी शेजारी सहज बसतील.

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात मिकेली नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्या काळी पुष्कळांना वाटायचं, की फळ सडलं की बुरशी आपोआप उगवते. मिकेलींनी बुरशीचे बीजाणू उचलले आणि खरबुजाच्या फोडींवर चक्क पेरले. ज्या बुरशीचं बी, तीच बुरशी उगवली! हे सगळं त्यांनी 1729 साली पुस्तकात छापलं. बुरश्यांना नावंही द्यायची होती. एकीचा दांडा सरळ, टोकाला गोल डोकं आणि त्या डोक्यातून चहूकडे निघालेल्या बीजाणूंच्या माळा. मिकेलींना आठवलं चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडायचं दांडीवालं शिंपडणं. लॅटिनमध्ये त्याला म्हणतात अ‍ॅस्परजिलम, म्हणून बुरशी झाली अ‍ॅस्परजिलस.

मिकेली पुण्यात जन्मले असते तर त्यांना लग्नातली गुलाबदाणी आठवली असती. मला विचाराल तर ते हुबेहूब कदंबाचं फूल आहे.

अ‍ॅस्परजिलसच्याच एका नातेवाईक बुरशीचं टोक दुसऱ्या एका शास्त्रज्ञाला रंगवायच्या कुंचल्यासारखं दिसलं. छोटा कुंचला म्हणजे लॅटिनमध्ये पेनिसिलस, म्हणून ती पेनिसिलियम. पेनिसिलिन हे औषध तिच्यापासूनच मिळालं. आणि गंमत म्हणजे तुमच्या कंपासपेटीतली पेन्सिलही त्याच शब्दाची लेक!

आता जपानला चला. तिथे अ‍ॅस्परजिलस घराण्यातली ओरायझी नावाची बुरशी वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवतात. सोया सॉस आणि मिसो तिच्याशिवाय होत नाही. तिचा मान एवढा, की 2006 साली तिथल्या तज्ज्ञांनी तिला राष्ट्रीय बुरशी ठरवलं. (आपला राष्ट्रीय पक्षी मोर, त्यांची राष्ट्रीय बुरशी. असू दे की!) मासायुकी इशिकावा या चित्रकारानं 2004 साली ‘मोयाशिमोन’ नावाची चित्रकथा सुरू केली. तिच्या नायकाला सूक्ष्मजीव नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ते गोट्यांएवढे होऊन त्याच्याभोवती तरंगतात आणि अखंड बडबडतात. त्यातला सगळ्यांचा लाडका म्हणजे गोल चेहऱ्याचा ओरायझी. ही कथा मोठ्या वाचकांसाठी आहे, पण मला त्यातली युक्ती फार आवडते. मिकेलींनी त्या घराण्याच्या गोल डोक्यात एक वस्तू बघितली, इशिकावांनी माणूस बघितला.

माझा स्वतःचा लाडका मात्र वेगळा आहे. तो राहतो ताज्या शेणावर. नाक मुरडू नका, थांबा. त्याचं नाव पायलोबोलस, म्हणजे टोपी फेकणारा. मी त्याला टोपीउडव्या म्हणते. उंची काही मिलिमीटर. पारदर्शक दांडा, वर काचेच्या दिव्यासारखा फुगलेला फुगा आणि फुग्यावर घट्ट बसवलेली काळी टोपी. टोपीत बीजाणू. फुगा भिंगाचं काम करतो. त्यातून आलेल्या उजेडावरून दांड्याला सूर्य कुठे आहे ते कळतं आणि तो तिकडे वळतो. आत रसाचा दाब वाढत जातो, वाढत जातो आणि फट्! टोपी जाते उडून, चांगली दोन मीटरपर्यंत. म्हणजे उंचीच्या शेकडो पट. तुम्ही शाळेच्या मैदानातून टोपी फेकली आणि ती दोन-तीन गल्ल्या ओलांडून पडली, असं समजा.

एवढ्या लांब कशाला? कारण गाय आपल्या शेणाजवळचं गवत खात नाही. टोपी लांबच्या ताज्या गवताला चिकटली, तरच ती गाईच्या पोटात जाणार आणि शेणातून पुन्हा बाहेर येणार.

अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी 1971 साली नृत्याचा गट काढला. एकाचे वडील या बुरशीवर संशोधन करत होते, म्हणून गटाचं नाव ठेवलं पायलोबोलस! या गटातले नर्तक एकमेकांच्या अंगावर चढून, लोंबकळून पडद्यावर सावल्यांचे आकार करतात. शेणावरची बुरशी अशी रंगमंचावर पोचली.

तुम्हाला बघायचंय? पावाचा ओला तुकडा काचेच्या बरणीत टाका, झाकण घट्ट लावा आणि बाहेरूनच भिंगानं बघा. बरणी उघडायची नाही, वास तर मुळीच घ्यायचा नाही. बीजाणू नाकात जातात. बघून झालं की घरातल्या मोठ्यांना सांगून बरणी न उघडता टाकून द्यायची.

माझ्या भाचीनं बरणी बघून टाचणीबाई काढली, काळा अंबाडा घातलेली. मग मी तिला टोपीउडव्याची गोष्ट सांगितली. तिनं काळी टोपी घातलेले आजोबा काढले, टोपी हवेत.

“मावशी, टोपी गेल्यावर आजोबा काय करतात?”

“फुगा फुटतो गं. मग ते आडवेच होतात.”

तिनं जरा विचार केला. “आणि उद्या?”

“उद्या सकाळी त्याच शेणावर नवे येतात, नव्या टोप्या घालून.”

तिनं कागद उलटला आणि आजोबांची अख्खी रांग काढायला बसली.