एका पानाचे झाड

चाळीतल्या खोलीला अंगण नसते. सरकारी क्वार्टरला असले तर चार जणांत एक. मग आपल्या घरात फूलझाड लावायचेच नाही काय? फुले म्हणजे बंगलेवाल्यांची हौस, असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो. आफ्रिकन व्हायोलेटने तो समज मोडला. झाड वीतभर, पाने मखमली, फुले जांभळी, गुलाबी किंवा पांढरी. खिडकीच्या कट्ट्यावर त्याचा संसार चालतो.

हे झाड मूळचे टांझानिया व केनियातले. टांझानियातील उसांबरा डोंगरांत दगडांच्या सावलीत ते वाढते. १८९२ साली तेथील जर्मन वसाहतीचा अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल याने ते जर्मनीत वडिलांकडे पाठविले. १८९३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ वेंडलांड यांनी त्याच घराण्यावरून त्याचे नाव ठेवले, सेंटपॉलिया. डोंगरातल्या लोकांसमोर ते आधीपासून फुलतच होते, नाव मात्र साहेबाचे लागले. इतिहासाची ही रीत आपल्याला नवी नाही. आता तेथील जंगले तुटल्याने त्याच्या काही रानटी जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत.

आमचे पहिले झाड आम्हीच मारले, तेही पाणी पाजून! रोज आंघोळ झाली की झाडाला तांब्याभर पाणी, ही जुनी सवय. पाने मलूल दिसली तेव्हा तहान लागली असे वाटून आणखी ओतले. महिन्याभरात बुडखा कुजला. परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. रोज वंदना घेणाऱ्या आम्हाला ते कुंडीपाशी आठवले नाही!

म्हणून पहिला नियम असा की, मातीत बोट घालून पहावे. वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत पाणी घालावे, अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाकावे. पाणी थंडगार नको, कारण पानांवर पडल्यास डाग पडतात. कुंडी तीन-चार इंचांचीच हवी आणि तिला खाली भोक हवे. मोठ्या कुंडीत ओल साचून मुळे कुजतात. नुसती काळी माती घट्ट बसते. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा व थोडी जाड वाळू मिसळावी.

उजेड भरपूर पाहिजे, पण दुपारचे ऊन नको. पूर्वेची खिडकी उत्तम. पुण्या-नाशिकच्या हवेत ते सहज रमते. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा त्याला सोसत नाही. तेव्हा घरातल्या सर्वांत गार, उजेडाच्या कोपऱ्यात, गरम झळांपासून दूर ठेवावे. फुले आली नाहीत तरी चालेल, झाड जगले पाहिजे.

आमचे दुसरे झाड विकतचे नव्हते. शेजारच्या ताईंनी एक पान दिले. निरोगी पान दीड इंच देठासह तिरके कापावे, देठ ओलसर मिश्रणात अर्धा इंच खोचावा आणि वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घालावी. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात, दोन-तीन महिन्यांत बुडाशी इवली रोपे दिसतात. फुलांसाठी वर्षभराचा धीर ठेवावा.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, पुढे हवा गार होते. पान लावायला हा काळ चांगला. विहारात वंदनेला जाताना एखादे पान ओल्या कागदात गुंडाळून सोबत न्यावे आणि ज्यांच्या घरी झाड नाही त्यांना द्यावे. लहान मुलांच्या हाती कुंडी सोपवावी. बोट घालून पाहण्याची सवय त्यांना लागली तर ती केवळ झाडापुरती राहणार नाही.