नाल ठोकण्याआधी

लालबागच्या गल्लीतून वरात निघते तेव्हा सगळ्यांचे डोळे नवरदेवाच्या फेट्यावर असतात. घोड्याच्या पायांकडे कुणी बघत नाही. बघितलं तर बरंच काही कळतं. खूर दुखणारा घोडा आखूड पावलं टाकतो. पेव्हर ब्लॉक संपून कडेला माती लागली की आपण होऊन तिकडे सरकतो. वळायची वेळ आली की पाय उचलायला कां-कू करतो. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असले तर त्याचं लंगडणंही नीट दिसत नाही, कारण भार टाकायला बरा पाय उरलेलाच नसतो. ‘थकलाय’ असं म्हणून वरात पुढे जाते.

अशा घोड्याच्या पायात नाल नसेल तर सल्ला ठरलेला असतो: नाल ठोका. हौशी घोडेस्वारांमध्ये हल्ली याच्या उलट सल्लाही ऐकू येतो: रानातल्या घोड्याला कोण नाल ठोकतं? अनवाणीच ठेवा. दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि दोन्हींत एकच उणीव असते. खूर दुखतोय कशाने, हे कुणी पाहिलेलं नसतं.

मुंबईत हा प्रश्न नवा नाही. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली. तेव्हा ट्राम कंपनीच्या तबेल्यांत ९०० च्या आसपास घोडे होते. १९०५ मध्ये ती बंद झाली. दगडी रस्त्यांवर दिवसभर ओझं ओढायचं तर लोखंडाशिवाय खूर टिकणं अशक्य, म्हणून नालबंद हा या शहराच्या वाहतुकीचा आधार होता. त्याच काळात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज व्हिक्टोरिया गेल्या. हौसेखातर चालणाऱ्या या घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदेशीर ठरवल्या. पण महालक्ष्मीचं रेसकोर्स आहे, लग्नाचे घोडे आहेत, आणि १९३२ मध्ये मोडीत निघालेलं पोलिसांचं घोडदळ २०२० च्या जानेवारीत शिवाजी पार्कच्या संचलनात पुन्हा दिसलं. शहर घोड्यांचं उरलं नाही, तरी घोडे शहरात आहेत, आणि त्यांच्या खुराखाली काँक्रीट आहे.

खुराच्या आत काय आहे ते पाहिल्याशिवाय नालेचं गणित कळत नाही. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर चालतो. त्या बोटाचं शेवटचं हाड खुराच्या आत असतं. बाहेरची टणक भिंत केराटिनची, म्हणजे आपली नखं ज्या प्रथिनाची असतात त्याचीच. विलक्षण गोष्ट अशी, की घोड्याचा भार प्रामुख्याने तळव्यावर टेकलेला नसतो. ते हाड भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या अंगाला सुमारे ५५० ते ६०० उभे पापुद्रे असतात, त्या प्रत्येकावर दीडदोनशे आणखी बारीक पापुद्रे. हाडाकडच्या जिवंत ऊतींचे पापुद्रे त्यांच्यात गुंतलेले असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवावीत तसे. ही सगळी घडी उलगडली तर एका खुरात सुमारे ०.८ चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. चारपाचशे किलोचं धावतं जनावर या जोडणीवर तोललेलं असतं.

भिंतीच्या बाहेरच्या थराला संवेदना नाही. म्हणून नीट ठोकलेला खिळा घोड्याला दुखत नाही. पण त्या थराच्या आत काही मिलिमीटरवर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू सुरू होतात. खिळा तिकडे वळला, नुसता जवळून गेला, तरी घोडा दुसऱ्या दिवशी पाय टेकत नाही. चांगल्या नालबंदाचं सारं कसब या काही मिलिमीटरांत असतं.

आता नाल नेमकं काय करते? ती खुराची कड झिजू देत नाही आणि तळवा जमिनीपासून लोखंडाच्या जाडीएवढा वर उचलते. तळवा पातळ झालेल्या घोड्याला खडीवर लगेच हायसं वाटतं ते यामुळे. मात्र त्याची किंमतही असते. अनवाणी खूर टेकतो तेव्हा टाचेकडचा भाग किंचित फाकतो आणि तळव्यातली रबरासारखी त्रिकोणी गादी भार झेलते. हादरा बराचसा तिथेच जिरतो. पोलादी नाल बसली की भार कडेवर एकवटतो आणि आदळण्याची कंपनं अधिक तीव्र होतात. मोजमापांत हे स्पष्ट दिसलं आहे. टाच मोकळी राहावी म्हणून खिळे पुढच्या भागातच मारतात. शिवाय नालेखाली खूर वाढतच राहतो, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासून पुन्हा बसवावी लागते. खर्च वाचवायला ती तीन-तीन महिने तशीच ठेवली तर भिंत पुढे ताणली जाते, टाच दबते, आणि उपायच दुखणं होऊन बसतो.

झीज आणि वाढ यांचा हिशोब हाच नालेचा खरा आधार. मऊ वाळूवर आठवड्यातून दोनदा फेरफटका मारणाऱ्या घोड्याचा खूर झिजतो त्याहून जास्त वाढतो. त्याला योग्य तासणी पुरते. रोज डांबरावर चालणाऱ्याचा खूर वाढीच्या पुढे झिजतो, तळवा पातळ होतो आणि प्रत्येक खडा टोचतो. अशा घोड्याला तत्त्व म्हणून अनवाणी ठेवणं ही क्रूरता आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

‘निसर्गात कुठे नाल असते’ या युक्तिवादाला संशोधनाने चांगलं उत्तर दिलं आहे. ब्रायन हॅम्पसन आणि ख्रिस पॉलिट यांनी ऑस्ट्रेलियातल्या रानटी घोड्यांचा माग ठेवला. ते दिवसाला सरासरी पंधरा-सोळा किलोमीटर चालत होते. आपला तबेल्यातला घोडा दावणीला उभा असतो, त्याच्या खुराला ती चाल, ती कोरडी कठीण जमीन मिळतच नाही. आणि दुसरी बाजू अशी, की न्यूझीलंडच्या कैमानावा डोंगरातल्या रानटी घोड्यांचे खूर तपासले तेव्हा त्यांतही भरपूर दोष सापडले. रान म्हणजे आपोआप निरोगी खूर, असं नाही.

मुंबईची जमीन जशी वेगळी, तसं पाणीही. १९८७ मध्ये जॉन बर्ट्रम आणि जॉन गॉस्लाइन यांनी खुराच्या भिंतीचा ताठरपणा मोजला. पूर्ण कोरड्या अवस्थेत तो १४.६ गिगापास्कल, पूर्ण भिजल्यावर ०.४१. जवळपास पस्तीसपट फरक! ही प्रयोगशाळेतली दोन टोकं आहेत, जिवंत खूर इतका बदलत नाही. पण दिशा तीच. जिथे एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तबेल्याची जमीन मुताने आणि शेणाने ओली राहते, तिथे श्रावणातला खूर मऊ असतो. त्यात तळव्याच्या खाचांमध्ये जंतू वाढतात, काळा दुर्गंधी द्रव येतो, गादी सडते. यावर नाल हा उपाय नाही. कोरडी जमीन, रोज खूर खरवडून साफ करणं आणि औषध हाच उपाय. ओल्या भिंतीत खिळेही सैल होतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तीच भिंत वाळून त्या छिद्रांपासून तडकते.

सगळ्यात धोक्याचा आजार आहे लॅमिनायटिस, म्हणजे त्या गुंतलेल्या पापुद्र्यांचीच पकड सुटणं. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभा राहतो. खूर गरम लागतो, घोट्याच्या मागची नाडी ठणठण उडते. पकड फारच सुटली तर हाड आत फिरतं आणि तळव्याच्या दिशेने सरकतं. याचं मूळ पुष्कळदा पायात नसतं, दाण्याच्या तोबऱ्यात असतं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिनची पातळी सतत चढी ठेवली, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. स्थूल, बैठ्या घोड्याला प्रेमाने भरवलेला गूळ आणि वाजवीपेक्षा जास्त दाणा काय करू शकतो, हे यावरून समजावं. अशा खुरावर हातोडी चालवणं म्हणजे सुजलेल्या जखमेवर घाव घालणं. तिथे आधी पशुवैद्य, क्ष-किरण चित्र, बर्फ, आहारात बदल, जाड मऊ अंथरूण आणि तळव्याला फोमचा आधार. खास घडवलेली नाल नंतर उपयोगी पडते, तीही वैद्याने चित्र पाहून नालबंदाला माप दिल्यावर.

खुरात पू झाला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. काल बरा असलेला घोडा आज तीन पायांवर उभा असतो. वैद्य चिमट्याने तळवा दाबत जातो, एका जागी घोडा पाय हिसकतो, तिथे वाट करून पू काढला की बहुधा दिवसाभरात आराम पडतो. तीच वाट नालेने बंद केली तर पू वर चढत जाऊन खुराच्या वरच्या कडेला फुटतो.

हे सगळं पाहून झालं, तळवा पातळ आहे आणि काम कठीण जमिनीवर आहे इतकंच कारण उरलं, की नाल जरूर ठोकावी. पोलाद हा एकच पर्याय नाही. शर्यतीच्या घोड्यांना ॲल्युमिनियमची हलकी नाल घालतात, हादरा कमी करायला नाल आणि खूर यांच्यामध्ये रबर किंवा चामड्याची चकती बसवता येते, आणि खिळ्याविना चढवायचे रबरी बूटही मिळतात. कामापुरते घालावेत, तबेल्यात काढावेत. नाल नुकतीच काढलेल्या घोड्यासाठी ते फार उपयोगी आहेत. पकडीचा विचारही हवा, गुळगुळीत फरशीवर पोलाद घसरतं. माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक आले तेव्हा घोडे घसरतात ही अश्वपालकांची मुख्य तक्रार होती.

मला यात सर्वांत जास्त खुपतं ते विज्ञानाबाहेरचं आहे. नाल ठोकली की घोडा उद्या कामाला लागतो. विश्रांती दिली तर लग्नसराईतली कमाई बुडते. ज्याचं घर एका घोड्यावर चालतं त्याला हा निर्णय सोपा नाही, हे मान्य. पण आजारी किंवा जखमी, कामाला अयोग्य जनावर कामाला लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, मग पायात नाल असो वा नसो. आणि दुखणं झाकून वर्षभराचा घोडा घालवण्यापेक्षा महिनाभराची विश्रांती स्वस्तच पडते, कारण पुढची भिंत वरून खालपर्यंत नव्याने यायला नऊ ते बारा महिने लागतात.

वाचकांकडे एकच मागणं आहे. घरच्या लग्नासाठी घोडा ठरवायला जाल तेव्हा इसार देण्याआधी त्याला डांबरी रस्त्यावर सरळ चालवून दाखवायला सांगा, आणि लहान गोलात वळवायला सांगा. पावलं आखूड पडली किंवा मान दर पावलाला खालीवर झाली, तर तो घोडा घेऊ नका. मालकाला तसं कारणासह सांगा, आणि परळच्या जनावरांच्या रुग्णालयाचा रस्ता दाखवा.