बधिर चट्टा आणि व्याधिक्षमत्व

वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये संशोधनासाठी कुष्ठजंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले होते. व्याधी त्यांना जडली नाही. चक्रपाणिदत्ताने व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ सांगितले आहेत : झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध. येथे दुसरा प्रत्यक्ष दिसला.

हे घडते कसे? त्वचेत शाखा पसरून बसलेल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचे अंश गिळतात, लसिकाग्रंथीत जातात आणि ते प्रतिजन स्वतःच्या पृष्ठभागावर मांडून टी-पेशींना दाखवतात. टी-पेशीला जंतू आपणहून ओळखता येत नाही. हे दाखवणे झाले तरच ती जागी होते. स्टाइनमन व कोह्न यांनी १९७३ मध्ये या पेशींचे वर्णन केले. (२०११ चे नोबेल जाहीर झाले तेव्हा स्टाइनमन यांना जाऊन तीन दिवस झाले होते.) कुष्ठाच्या ज्या चट्ट्यांत अशा पेशी विपुल, तेथे जंतू मोजके, जेथे त्या विरळ, तेथे जंतू अमाप.

हेच सूत्र चिकित्सेत आले. रुग्णाच्याच रक्तातील पेशींना प्रतिजनाची ओळख करून देऊन त्या परत देण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१० मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. आयुर्मर्यादा सरासरी चारएक महिन्यांनी वाढली. कुष्ठरोगात डॉ. जी. पी. तलवार यांनी निरुपद्रवी जातीच्या मृत जंतूंची लस बहुविध औषधोपचाराच्या जोडीने दिली, तेव्हा जंतू लवकर घटले. जोडीने, ऐवजी नव्हे.

म्हणूनच 'प्रतिकारशक्तीवर्धक' हा शब्द आम्हांस सैल वाटतो. कुष्ठात क्षमता एकाएकी उसळली, तर मज्जातंतू सुजतात आणि थोड्या दिवसांत हात वाकडा होऊ शकतो. तो रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचला पाहिजे.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न ग्रंथातला नाही. फिकट वा लालसर चट्टा दिसला की कापसाच्या बोळ्याने स्पर्श तपासावा. स्पर्शज्ञान जाणे हे चरकानेही कुष्ठाच्या पूर्वरूपांत गणले आहे. एकाच चट्ट्यासाठी तिसऱ्यांदा मलम मागणाऱ्यास औषधविक्रेत्यांनी मलम न देता प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा. तेथील औषधे मोफत असून प्रकारानुसार ६ वा १२ महिने घ्यावी लागतात. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की जातो, असे रुग्ण म्हणेल. त्यास हंगामाआधीच पाठवावे.