घोडामाशाचे घर

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. अरबी समुद्राचा किनारा येथून तीनशे किलोमीटरांहूनही अधिक दूर आहे. तथापि खारे पाणी ह्या जिल्ह्याला अपरिचित नाही. लोणारच्या विवरातील सरोवर खारे आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या तालुक्यांतील अनेक गावच्या विहिरींचे पाणी तर इतके खारे आहे, की त्या प्रदेशाला 'खारपाणपट्टा' असेच नाव पडले आहे. तेव्हा पुस्तकात घोडामाशाचे चित्र पाहून येथील एखाद्या मुलाच्या मनात आले, की 'खारे पाणी तर आपल्या विहिरीतच आहे. मग काचेच्या पेटीत ते भरून हा मासा घरी का पाळू नये?' तर त्यात नवल नाही. प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना एका विलक्षण जीवाची चांगली ओळख होते.

घोडामासा, ज्याला कोणी समुद्रघोडा असेही म्हणतात, तो नावाने घोडा असला तरी जातीने मासाच आहे. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, आणि तो पाण्यातच श्वास घेतो. परंतु माशाचे नेहमीचे रूप त्याच्याजवळ नाही. डोके घोड्याचे, शेपटी माकडाची आणि अंगावर हाडांच्या कड्यांचे चिलखत, असा त्याचा थाट असतो. इतर मासे आडवे पोहतात. हा उभा पोहतो. पाठीवरचा चिमुकला पर तो सेकंदाला तीस-पस्तीस वेळा हलवितो. पण एवढे कष्ट करूनही त्याची चाल अतिशय मंदच राहते. म्हणूनच प्रवाहाबरोबर वाहून जाऊ नये ह्यासाठी तो आपली शेपटी समुद्रातील गवताला किंवा पोवळ्याच्या फांदीला गुंडाळून स्वस्थ उभा राहतो. त्याचे दोन्ही डोळे एकमेकांवर अवलंबून न राहता निरनिराळ्या दिशांना फिरतात. भक्ष्य जवळ येताच तो आपल्या नळीसारख्या तोंडाने ते क्षणात ओढून घेतो.

ह्या माशाच्या दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेले अन्न साठवून ठेवण्याची सोय शरीरात नसल्यामुळे त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते. दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची आहे. मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत घालते, आणि पुढचे सारे संगोपन नर करतो. दोन ते चार आठवड्यांनी त्या पिशवीतून पिले बाहेर पडतात. काही जातींत ती शेकड्यांनी असतात, तर काहींत हजाराच्याही वर जातात. परंतु समुद्रात त्यांतील फारच थोडी मोठी होतात.

आता अशा जीवाला घरी राहावयास जागा द्यावयाची झाली, तर काय काय लागेल?

पहिली गरज पाण्याची. समुद्राचे पाणी म्हणजे मीठ घातलेले पाणी, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मोठा वाटा खाण्याच्या मिठातील द्रव्यांचा असला, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही ठरावीक प्रमाणात असतात, आणि सागरी जीवांचे शरीर ह्याच मिश्रणाला सरावलेले असते. खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी जिभेला खारट लागले व पिकांना बाधले, तरी त्यातील क्षार समुद्राच्या मानाने सामान्यतः फारच कमी असतात. लोणारची गोष्ट ह्याहून निराळी आहे. तेथील पाण्यात धुण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार आहेत. पाण्याचा हा गुण 'सामू' ह्या मापाने मोजतात. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या थोडा वर असतो. लोणारच्या पाण्याचा सामू अभ्यासकांना १० च्या आसपास आढळलेला आहे. दोन अंकांचा हा फरक वाटतो तेवढा लहान नव्हे. कारण सामूची प्रत्येक पायरी दहापटीची असते. पाणी खारे आहे एवढ्यावरून ते समुद्राचे ठरत नाही. लोणारमध्ये निळे-हिरवे शेवाळ व सूक्ष्म जीव सुखाने वाढतात. २०२० सालच्या जून महिन्यात असल्याच काही खारप्रिय सूक्ष्म जीवांमुळे ते सरोवर गुलाबी दिसू लागले होते. परंतु जे पाणी त्यांचे घर, तेच घोडामाशाचा प्राण घेईल.

म्हणून सागरी मासे पाळणारे लोक शुद्ध केलेल्या पाण्यात सर्व क्षारांचे तयार मिश्रण मोजून घालतात. ८० लिटरांच्या पेटीला असे सुमारे पावणेतीन किलो मिश्रण लागते. शिवाय पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागेच राहतात, आणि उरलेले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. ते रोज तपासून, उडून गेलेल्या पाण्याइतके गोडे पाणी घालावे लागते.

दुसरी गरज डोळ्यांना न दिसणारी आहे. माशाच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. नदीत किंवा समुद्रात ते अफाट पाण्यात विरून जाते; काचेच्या पेटीत ते साचत राहते. सुदैवाने निसर्गात ह्या विषावर उतारा आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवितात, आणि दुसरे काही जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र पुष्कळच कमी घातक असते. हे जीवाणू वाळूच्या कणांवर व गाळणीत वस्ती करतात. परंतु ती वस्ती एका दिवसात होत नाही. तिला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणली, पाणी भरले आणि लगेच मासे सोडले, असे करणाऱ्यांचे मासे काही दिवसांतच मरतात. पाणी मात्र तेव्हाही स्वच्छ दिसत असते. स्वच्छ दिसणे वेगळे आणि निर्विष असणे वेगळे.

तिसरी गरज पेटीच्या आकाराची. घोडामासा वरखाली हिंडणारा व उभा पोहणारा असल्यामुळे त्याची पेटी लांबीपेक्षा उंचीला पुरेशी हवी. वाढ झालेल्या माशाच्या उंचीच्या निदान तिप्पट तरी ती उंच असावी, असा जाणकारांचा दंडक आहे. पाणी गाळणारे यंत्र हवेच. पण त्याचा प्रवाह मंद पाहिजे, नाही तर हा अशक्त जलतरणपटू भोवऱ्यात सापडेल. शेपटी गुंडाळण्यासाठी वनस्पती किंवा फांद्यांसारखे आधार जागोजागी हवेत. सोबतीला चपळ मासे ठेवता येत नाहीत. ते सर्व अन्न आधी फस्त करतात आणि घोडामासा उपाशी राहतो. उष्ण समुद्रांतील जातींनाही पाणी साधारण २५ अंश सेल्सियसच्या आसपास लागते. मलकापूर-शेगावकडील उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला वैशाखात एवढे थंड पाणी अहोरात्र राखणे किती अवघड आहे, हे सांगावयास नको. दुपारी वीज गेली, तर यंत्र थांबते, पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी राहतो.

चौथी गरज अन्नाची. घोडामाशाला बहुधा हलणारे भक्ष्यच ओळखू येते. समुद्रातील कोळंबीच्या जातीचे अगदी बारीक जीव हे त्याचे मुख्य अन्न होय. मनुष्याच्या सहवासात वाढलेल्या माशांना गोठवून ठेवलेले असे जीव खाण्याची सवय लावता येते. तरीही दिवसातून दोन-तीन वेळा ते द्यावे लागतात. एक दिवस विसरले तरी चालेल, असा हा प्राणी नव्हे.

ह्या चारही गरजा पैशाने व परिश्रमाने भागविता येतील, असे कोणी म्हणेल. परंतु पाचवी गोष्ट ह्या सर्वांच्या वरची आहे. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर, आणि विशेषेकरून तमिळनाडूजवळील पाल्कच्या सामुद्रधुनीत व मन्नारच्या आखातात, घोडामासे आढळतात. पूर्वेकडील देशांत औषधासाठी ते वाळवून विकले जातात. शोभेसाठीही त्यांना मागणी असते. शिवाय समुद्राचा तळ खरवडीत जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांत ते इतर माशांबरोबर सापडतात. जो प्राणी वेगाने पळू शकत नाही आणि गवताला धरून एकाच जागी राहतो, त्याचा निभाव अशा जाळ्यांपुढे कसा लागावा? म्हणून २००१ साली भारत सरकारने सर्व घोडामाशांचा समावेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत केला. २००४ सालापासून त्यांच्या जागतिक व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आले.

ह्याच पहिल्या अनुसूचीत वाघाचेही नाव आहे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा त्याची वार्ता देशभर पसरली. त्या वाघाला ज्या कायद्याचे छत्र, त्याच कायद्याचे छत्र ह्या बोटाएवढ्या माशालाही आहे. काही परदेशांत जन्मापासून टाकीत वाढविलेले घोडामासे लोक परवानगीने पाळतात. आपल्या देशात मात्र समुद्रातून घोडामासा पकडणे, विकणे किंवा विकत घेऊन घरी ठेवणे हा गुन्हा आहे. कोणी दुकानदार तो देऊ करील, तरी घेऊ नये.

तर मग मुलांनी मासे पाळूच नयेत काय? असे मुळीच नाही. घोडामाशाच्या घराचा विचार करताना जे नियम कळले, तेच नियम गोड्या पाण्यातील माशांनाही लागू पडतात. आणि ते पाळणे बुलढाण्यातील घरात सहज शक्य आहे. आरंभाला गप्पी मासे उत्तम. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याकडून ते पाण्याच्या साठ्यांत सोडले जातात, त्यामुळे खेडोपाडी त्यांची ओळख आहे. ते काटक आहेत, आणि थोडे जड पाणीही त्यांना चालते.

ह्यासाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी काचेची पेटी घ्यावी. तिच्यात ५४ लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन ५४ किलो होते. म्हणून खालचे मेज भक्कम असावे. पेटीवर थेट ऊन पडू देऊ नये. तळाशी धुतलेली जाड वाळू पसरावी व थोड्या पाणवनस्पती लावाव्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे. गाळणीचे यंत्र सुरू करून काही दिवस वाट पाहावी, आणि प्रथम दोन-तीनच मासे सोडावेत. मासे दोन मिनिटांत संपवितील एवढेच अन्न घालावे. उपासमारीपेक्षा अधिक अन्नानेच पेटीतील मासे जास्त मरतात. आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे पाणी घालावे. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये, आणि गाळणी नळाखाली घासून धुऊ नये. नाही तर महिनाभरात वसलेले जीवाणू घटकेत नाहीसे होतात. मासे नकोसे झाले, तर ते नदीनाल्यात किंवा धरणात सोडू नयेत. कारण परक्या माशांमुळे तेथील मूळच्या माशांचे अन्न व जागा हिरावली जाते.

अशा पेटीसमोर रोज घटकाभर बसणाऱ्या मुलाला पुष्कळ काही दिसू लागते. कोणता मासा भित्रा आहे, कोणता खादाड आहे, पाणी बिघडले की मासे वर येऊन कसे तोंड उघडतात, हे त्याला न सांगता कळते. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना समुद्रातील जीवांचे दर्शन घडविले. ते दर्शन काही घटकांचे असे. घरच्या पेटीची जबाबदारी मात्र रोजची असते, सुट्टीच्या दिवसाचीही असते.

कोणताही जीव पाळावयाचा म्हणजे त्याचे पाणी, त्याचे अन्न आणि त्याची सोबत ह्या सर्वांचा भार उचलावयाचा. तो उचलता येत असेल, तेथे प्रेमाने उचलावा. जेथे उचलता येत नाही, तेथे त्या जीवाला त्याच्या घरीच राहू द्यावे. गप्प्याचे घर बुलढाण्यातील एका मेजावर मांडता येते. घोडामाशाचे घर मात्र समुद्रातच आहे, आणि समुद्रातील गवताला शेपटी गुंडाळून तो तेथे सुरक्षित उभा राहावा, हेच त्याच्यावरील खरे प्रेम होय.