सातखणीवरून समुद्र किती दिसतो?

आमच्या बुटीबोरीत उंच म्हणजे एमआयडीसीतली धुराडी. वर्धा रोडवरून येताना ती दुरूनच दिसतात. समुद्र मात्र आठशे किलोमीटरवर. त्यामुळे अलिबागपुढे सतरा किलोमीटरवर असलेल्या रेवदंड्याला गेलो, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता : समुद्र तर सपाट, मग पाहायला एवढा उंच मनोरा कशाला?

रेवदंड्याच्या कोटात गाव वसलेले आहे. मुरुडचा रस्ता कोटातूनच जातो. नारळीच्या वाड्यांमधून वर आलेला हा मनोरा म्हणजे सातखणी, सात मजल्यांचा. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची उंची ९६ फूट दिली आहे. लोक त्याला टेहळणी बुरूज म्हणतात; मुळात तो पोर्तुगीजांच्या फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. पण देवाच्या घंटेसाठी बांधलेली उंची शत्रूवर नजर ठेवायला का वापरू नये? पोर्तुगीजांना त्याची गरजही होती. १५०८ मध्ये इथल्याच बंदरात व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा मारला गेला. १५७०-७१ मध्ये निजामशाहीच्या फौजेने चौलला वेढा घातला.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. समुद्र सपाट दिसतो, पण पृथ्वी गोल आहे. वाळूत उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते. उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला ३.६ ने गुणा, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ९६ फूट म्हणजे २९ मीटर, म्हणजे क्षितिज १९ किलोमीटरवर गेले. शिवाय गलबत येताना आधी डोलकाठी दिसते, मग अंग. वीस मीटरची डोलकाठी असेल, तर हवा स्वच्छ असताना तिचा शेंडा किनाऱ्यावरून वीस किलोमीटरवर दिसेल, मनोऱ्यावरून पस्तीस. गलबत तासाला दहा किलोमीटर चालते असे धरा. फरक दीड तासाचा! तेवढ्यात कोळ्यांच्या होड्या आत घेता येतात, दरवाजे लावता येतात, तोफा ठासता येतात. हा सगळा खर्च दीड तासासाठी होता, आणि मला तो मुळीच महाग वाटला नाही.

१५९४ मध्ये पोर्तुगीजांनी खाडीपलीकडचे कोर्लईही घेतले, म्हणजे कुंडलिकेच्या मुखावर दोन्हीकडून नजर. तरी १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलेच. पहारा कितीही उंच असला तरी मागून फौज नसेल तर काय उपयोग?

आज सातखणीचे सातही मजले शाबूत नाहीत, वर चढता येत नाही. भेगांत झाडे रुजली आहेत. मुळे चिऱ्याच्या सांध्यांत शिरली की भिंत आतून फुगते. म्हणून झाड नुसते छाटून भागत नाही, मूळ मारून सांधा चुन्याने भरावा लागतो. ते काम दर पावसाळ्यानंतर व्हायला हवे.

पाहायला जाणाऱ्यांनी भिंतीला अगदी खेटून उभे राहू नये. उंचावरूनच समुद्र पाहायचा असेल, तर खाडी ओलांडून कोर्लईचा किल्ला चढावा. सकाळी लवकर, दुपारी दगड फार तापतो.