उसन्या नावाचा धंदा

परीक्षेचा निकाल लागला की आपल्या कोरेगावात घरोघरी एकच प्रश्न निघतो : "आता नोकरी कोठे मिळणार?" गतवर्षी आमचा एक माजी विद्यार्थी छापील करारपत्र घेऊन मजकडे आला. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे घालून खाद्यपदार्थांचे दुकान काढावयाचे त्याच्या मनात होते. दुकान त्याचे, पण पाटीवरील नाव एका मोठ्या कंपनीचे. "सर, सही करू का?" असे त्याने विचारले. त्यास जे सांगितले, तेच विद्यार्थी व पालक यांजकरिता येथे मांडतो.

या पद्धतीस 'फ्रँचाइझ' म्हणतात. साधा विक्रेता दुसऱ्याचा माल विकतो. येथे मात्र मालाबरोबर नाव, कृती व दुकान चालविण्याची रीतही ठरावीक मुदतीपुरती घ्यावयाची असते. त्याबद्दल आरंभी प्रवेशशुल्क आणि पुढे बहुधा दरमहा विक्रीवर काही टक्के द्यावे लागतात.

नोकरी सोडून धंद्यात पडणे आपल्या भागास नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. अपेक्षित बढती न मिळाल्याने ते नोकरी सोडून बेळगावास आले. तेथे त्यांचे बंधू रामुअण्णा यांजसह त्यांनी प्रथम सायकली विकल्या. म्हणजे आरंभ दुसऱ्यांनी बनविलेल्या मालावरच झाला. पुढे त्यांनी स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला. सन 1910 मध्ये औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळ त्यांचा कारखाना उभा राहिला. कोरेगावाहून मिरजेकडे आगगाडीने जाताना जे किर्लोस्करवाडी स्थानक लागते, ते हेच. दुसऱ्याचा माल विकता विकता गिऱ्हाईक ओळखावयास शिकणे, हा या उदाहरणातील खरा बोध होय.

आता हिशोबाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, महिन्याची विक्री 2,00,000 रुपये झाली. त्यात कच्चा माल 1,20,000, कंपनीचे 6 टक्के म्हणजे 12,000, भाडे 20,000, नोकरांचे पगार 24,000 आणि वीज व किरकोळ खर्च 9,000. बाकी उरले 15,000. विक्री 1,50,000 वर आली, तर माल 90,000 व कंपनीचा वाटा 9,000 होईल. परंतु भाडे, पगार व वीज यांचे 53,000 कायमच राहतील. म्हणजे 2,000 रुपयांचा तोटा! तरीही कंपनीस तिचे 9,000 मिळतातच, कारण तिचा वाटा विक्रीवर आहे, नफ्यावर नव्हे. कर्जाचा हप्ता तर यात धरलेलाच नाही.

कायद्याचा आधारही जाणून घ्यावा. अमेरिकेत फ्रँचाइझ विकणाऱ्याने करारापूर्वी किमान 14 दिवस आपली सविस्तर माहिती लेखी द्यावी, असा नियम आहे. भारतात या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा नाही; 1872 चा करार कायदा, 1999 चा व्यापारचिन्ह कायदा इत्यादी सर्वसामान्य कायद्यांवरच भिस्त असते. म्हणून करारातील प्रत्येक कलम वकिलाकडून समजून घेणे आवश्यक आहे. मुदत किती? ती संपल्यावर नाव राहील काय? माल कंपनीकडूनच घ्यावा लागेल काय? शेजारच्याच रस्त्यावर तेच दुकान दुसऱ्यास दिले तर काय? अनामत परत केव्हा मिळेल?

याचा अर्थ हा मार्ग वाईट, असा नव्हे. ज्यास स्वतःची कृती व नाव नाही, त्यास तयार वाट मिळते, शिक्षण मिळते, आणि गिऱ्हाईक पाटी ओळखून आत येते. मात्र स्वतःच्या मनाप्रमाणे बदल करण्याचे स्वातंत्र्य थोडे असते. नोकरीत गेला तर पगार जातो. येथे गेले तर घरची पुंजी जाते, हा भेद विसरू नये.

त्या विद्यार्थ्यास मी इतकेच सांगितले : "सहीपूर्वी अशाच एका चालत्या दुकानात आठ दिवस जाऊन बैस, आणि मालकाची वही पाहावयास माग." तो गेला. परत आला तेव्हा त्याच्या हाती करारपत्र नव्हते, स्वतः मांडलेल्या हिशोबाची वही होती. सही त्याने अद्याप केलेली नाही; सध्या तो त्याच दुकानात पगारावर काम शिकत आहे.