वाळू हलवताना

शिरूरला घोड, दौंडला भीमा; वाळू उपशाच्या बातम्या इथे नव्या नाहीत. पण खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली जुनी वाळू दुसऱ्या टाकीत न्यायची, तर फावडं-घमेलं चालत नाही. ती जिवंत असते. वरच्या बोटभर थरात प्राणवायू खेळतो. तिथले जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. खाली प्राणवायू संपतो, तिथे दुसरे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. त्याहून खाली काळा पट्टा दिसला, सडक्या अंड्याचा वास आला, की तिथे हायड्रोजन सल्फाइड आहे. हा थर ढवळला तर मासे दगावू शकतात.

म्हणून आधी मासे बाहेर. वरची वाळू अलगद काढून विरजणासारखी जपावी. उरलेली खाऱ्या पाण्यात खळबळून घ्यावी. नळाखाली धरली की क्लोरीन आणि गोडं पाणी मिळून जीवाणूंचा निकाल लावतात. नव्या टाकीत अमोनिया शून्य दिसेपर्यंत मासे सोडायची घाई नको.

भीमेची वाळू का नको? हा प्रश्न इथल्या हौशी माणसाला पडणारच. ती मुख्यतः बेसाल्टची. लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटतात. समुद्री टाकीला प्रवाळ-शिंपल्यांची, व्हिनेगर टाकलं की फसफसणारी वाळूच बरी.